सिस्टीममध्ये तसेच दिसते

कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव निघाले की बहुतेकांना आठवतो तो विचारताक्षणी उत्तरे देणारा चॅटबॉट, नाहीतर एखाद्या नटीचा बनावट व्हिडिओ. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची चर्चाही भरपूर होते. याच तंत्राचे दुसरे एक काम मात्र गाजावाजा न होता चालू असते, आणि ते म्हणजे माणसांची प्रतवारी. कर्ज मागणारा हप्ते बुडवण्याची शक्यता किती, रेशनकार्डावर नाव असलेले कुटुंब खरोखर गरीब आहे का, नोकरीसाठी आलेल्या हजार अर्जांपैकी कोणते पन्नास वाचायचे, कॅमेऱ्यात दिसलेला चेहरा पोलिसांच्या यादीतल्या कुणाशी जुळतो का, जेवणाची पार्सले पोचवणाऱ्या मुलाला पुढची ऑर्डर द्यायची की त्याचा आयडी ब्लॉक करायचा, असे निर्णय घेताना आधी संगणक गुण देतो आणि माणूस, असलाच तर, मागाहून येतो. ज्याच्याबद्दल निर्णय झाला त्याला यातले काहीच कळत नाही. खिडकीवर त्याला एवढेच सांगितले जाते, की सिस्टीममध्ये तसेच दिसते.

संगणकाने निर्णय देणे ही काही नवी गोष्ट नाही. जुन्या पद्धतीच्या प्रोग्राममध्ये नियम माणूस लिहीत असे: उत्पन्न अमुक रकमेच्या वर असेल तर अर्ज बाद. नियम चुकीचा असला तरी तो वाचता येई आणि त्यावर भांडता येई. मशीन लर्निंगमध्ये नियम कुणी लिहीतच नाही. आधीच्या लाखो प्रकरणांच्या नोंदी यंत्राला पुरवायच्या, प्रत्येक प्रकरणाचा शेवट काय झाला तेही सांगायचे, आणि कशाचा संबंध कशाशी लागतो हे गणितावर सोपवायचे. त्यातून हजारो, कधी कोट्यवधी आकड्यांचा एक संच तयार होतो. त्यालाच मॉडेल म्हणतात. नव्या अर्जाची माहिती या आकड्यांतून गेली की शेवटी एक गुण बाहेर पडतो. तो गुण तेवढाच का आला, हे मॉडेल बनवणाऱ्यालाही पुष्कळदा एका वाक्यात सांगता येत नाही.

अशा यंत्राला जे शिकवायचे ते भूतकाळातूनच शिकवावे लागते. अमेझॉन कंपनीने नोकरीच्या अर्जांना गुण देणारे एक साधन बनवायला घेतले होते. कंपनीकडे दहा वर्षांत आलेले अर्ज त्याला शिकवण्यासाठी वापरले गेले, आणि तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातले असल्याने त्यांत बहुतेक अर्ज पुरुषांचे होते. यंत्राने त्यातून आपला धडा घेतला. महिलांच्या बुद्धिबळ मंडळाची कर्णधार असल्याचा उल्लेख अर्जात आला, की अर्जाचे गुण घसरू लागले. कंपनीने दुरुस्तीचे प्रयत्न केले आणि शेवटी प्रकल्पच गुंडाळला. २०१८ साली रॉयटर्सने ही हकीकत प्रसिद्ध केली. स्त्रियांना डावला, असे त्या यंत्राला कुणीही सांगितले नव्हते.

याहून फसवा प्रकार अमेरिकी आरोग्यव्यवस्थेत आढळला. तिथली इस्पितळे आणि विमा कंपन्या कोणत्या रुग्णांकडे जास्त लक्ष पुरवायचे हे ठरवण्यासाठी एक गणिती साधन वापरत होत्या. झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याची चिरफाड केली. वंशाचा रकाना त्या साधनात नव्हताच. पण रुग्ण किती आजारी आहे हे थेट मोजता येत नाही, म्हणून त्याच्यावर पुढे किती खर्च होईल याचा अंदाज हेच आजाराचे माप धरले होते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत आला आहे, कारण त्यांना उपचार मिळण्यातच अडचणी असतात. यंत्राला हा कमी खर्च दिसला आणि त्याने ही माणसे ठणठणीत ठरवली. ही गफलत काढली असती तर जादा मदतीसाठी निवडलेल्या रुग्णांतले कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते, असा त्या अभ्यासाचा हिशेब होता. पक्षपात टाळायचा तर जात, धर्म, लिंग हे रकाने काढून टाका, असा सोपा सल्ला अनेकदा दिला जातो. तो का पुरत नाही, हे या एका उदाहरणात दिसते. पिन कोड, शाळेचे नाव, आडनाव, फोनचे मॉडेल यांतून वगळलेला रकाना पुन्हा आत येतो.

इथवरची उदाहरणे पकडली ती अभ्यासकांनी आणि पत्रकारांनी. सरकारने असे यंत्र नागरिकांवर चालवले आणि पकडायला कुणी नसले तर काय होते, याचा सगळ्यांत पुरा पाहिलेला नमुना नेदरलँड्समधला आहे. नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चासाठी तिथले सरकार अनुदान देते. वाटपाचे काम करखात्याकडे होते. काही टोळ्यांनी सरकारी अनुदानांतून पैसे उकळल्याचे उघड झाल्यावर फसवणूक शोधण्याचा दबाव वाढला, आणि २०१३ पासून अर्जांना जोखमीचा गुण देणारे, स्वतःहून शिकत जाणारे एक मॉडेल वापरात आले. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, ही नोंद त्या गुणासाठी विचारात घेतली जाई. गुण चढा आला की अर्ज तपासणीसाठी अधिकाऱ्याकडे जाई. कागदोपत्री म्हणायचे तर अखेरचा निर्णय माणसाचाच होता. मात्र गुण का चढला, हे त्या अधिकाऱ्याला यंत्र सांगत नव्हते. समोर आलेला माणूस संशयित आहे, एवढेच त्याला ठाऊक असे.

त्यात कायद्याची अंमलबजावणी निष्ठुर. अर्जात एखादी सही राहिली, स्वतःच्या वाट्याची थोडी रक्कम भरायची राहिली, तरी पूर्ण वर्षाचे अनुदान परत मागितले जाई. मागणी हजारो, कधी लाखाच्या आसपास युरोंची असे. हेतुपुरस्सर गैरव्यवहाराचा शिक्का बसलेल्यांना हप्ते बांधून देण्याचेही नाकारले जाई. लोक दाद मागायला प्रशासकीय न्यायालयांत गेले, पण तिथेही २०१९ पर्यंत करखात्याचाच अर्थ उचलून धरला गेला. आपल्याविरुद्ध काय आहे हे पाहण्यासाठी पालकांनी फायली मागितल्या, तेव्हा पानेच्या पाने काळी केलेल्या प्रती त्यांच्या हाती पडल्या. नोकऱ्या गेल्या, घरे विकली गेली, संसार मोडले. या कुटुंबांतली हजाराहून अधिक मुले सरकारी देखरेखीखाली घराबाहेर ठेवली गेली. ज्यांच्यावर संकट कोसळले त्यांत तुर्की, मोरोक्कन अशा मूळ परदेशी घराण्यांचा भरणा मोठा होता.

प्रकरण वर आले ते एका वकील बाईंच्या चिकाटीमुळे, पत्रकारांमुळे आणि दोन खासदारांमुळे. त्यांतले पीटर ओम्त्सिख्त सत्ताधारी आघाडीतल्या पक्षाचे, तर रेन्स्के लाइटन विरोधी पक्षाच्या होत्या. संसदीय समितीने डिसेंबर २०२० मध्ये अहवाल दिला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत रुटे यांचाच पक्ष पुन्हा पहिला आला, हाही या कथेचा भाग आहे. प्रत्येक पीडित पालकाला किमान ३०,००० युरो देण्याचे ठरले. माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या तिथल्या प्राधिकरणाने करखात्याला आधी २७.५ लाख आणि नंतर, संशयितांची बेकायदा यादी बाळगल्याबद्दल, ३७ लाख युरोंचा दंड केला. सरकारी खात्यावर सरकारी दंड. पैसा या खिशातून त्या खिशात गेला, पण ठपका नोंदला गेला.

सगळा दोष मॉडेलच्या माथी मारणे सोपे असले तरी खरे नाही. कठोर कायदा संसदेने केला होता आणि त्याचा टोकाचा अर्थ माणसांनीच लावला होता. मॉडेलने केले ते इतकेच, की कोणावर झडप घालायची याची यादी न थकता पुरवली आणि त्या यादीला गणिताची प्रतिष्ठा दिली. ऑस्ट्रेलियात तर कृत्रिम बुद्धिमत्तेचीही गरज लागली नाही. 'रोबोडेट' या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत करखात्याकडची वर्षाची कमाई २६ पंधरवड्यांत सारखी वाटली जाई आणि त्यावरून बेकारभत्ता जास्त घेतल्याचा निष्कर्ष काढून वसुलीच्या नोटिसा आपोआप निघत. सहा महिने हंगामी काम करून उरलेले सहा महिने रिकामा बसणारा माणूस या भागाकारात आपोआप लबाड ठरे. चार लाखांहून अधिक लोकांवर असे कर्ज लादले गेले. कॅथरीन होम्स यांच्या शाही आयोगाने जुलै २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात ही योजना अन्याय्य आणि बेकायदा ठरवली. शाळेतला भागाकार जिथे एवढे करू शकला, तिथे कुणालाच उलगडून न सांगता येणाऱ्या मॉडेलची काळजी वाटणे स्वाभाविक आहे.

भारतात या चर्चेचे सर्वांत जवळचे उदाहरण तेलंगणातले आहे. 'समग्र वेदिका' नावाची तिथली प्रणाली वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहते: वाहने, जमिनी, वीजबिले, कर. नाव आणि पत्ता जुळला की दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या, असा अंदाज संगणक बांधतो. भारतीय नावांच्या बाबतीत हा अंदाज किती धोक्याचा आहे हे मतदारयादी चाळलेल्या कुणालाही कळेल. एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचेही नाव सारखे असलेले दोघे-तिघे सहज निघतात, आणि तेच आडनाव इंग्रजी स्पेलिंगात चार प्रकारे लिहिलेले असते. रिक्षा ओढून पोट भरणाऱ्या एका माणसाच्या नावे मोटार असल्याचे या ताळमेळातून निघाले आणि त्याच्या कुटुंबाचे रेशन बंद झाले. मोटार त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच कुणाची होती. राज्यात सुमारे १९ लाख रेशनकार्डे रद्द झाल्याचा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष घरी जाऊन फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. आधी कार्ड रद्द झाले आणि मग चौकशी झाली. रेशनवर जगणाऱ्या घरात या दोन तारखांमधले अंतर उपाशी काढावे लागते.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे चूक मोजता येते. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तीन कंपन्यांची साधने तपासली. चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा एवढेच सांगायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघाले, काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. दिल्ली पोलिसांनी हरवलेली मुले शोधण्यासाठी घेतलेल्या प्रणालीबद्दल केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सांगितले, की तिला एक टक्काही यश येत नाही आणि मुलगा कोण, मुलगी कोण हेही तिला ओळखता येत नाही. पुढे याच प्रकारचे तंत्र दंगलींच्या तपासात वापरले गेले. ८० टक्क्यांच्या वर जुळणी आली की ती 'पॉझिटिव्ह' धरली जाते, असे पोलिसांनी माहितीच्या अधिकारात २०२२ मध्ये कळवले.

यंत्रे सुधारत आहेत हे खरे. पण सुधारलेल्या यंत्राचाही हिशेब ऐकायला वाटतो तितका सुखाचा नसतो. समजा, एखाद्या गर्दीच्या लोकल स्टेशनावर बसवलेला कॅमेरा १०० निरपराध माणसांत फक्त एकाला चुकून गुन्हेगार समजतो. दिवसाला एक लाख लोक त्याच्यासमोरून गेले, तर एक हजार जणांवर खोटा संशय आला. खरे फरारी त्या गर्दीत फार तर दोन-चार असतील. म्हणजे ९९ टक्के अचूक म्हणवणाऱ्या यंत्राने दाखवलेला जवळजवळ प्रत्येक 'गुन्हेगार' निरपराध असतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या पोलिसांनी २०२० साली एका कृष्णवर्णीय गृहस्थाला अशाच जुळणीवरून घराच्या अंगणात, बायको-मुलींसमोर पकडले आणि सुमारे ३० तास डांबून ठेवले. २०२४ मधल्या तडजोडीत, निव्वळ यंत्राच्या जुळणीवरून कुणाला अटक करणार नाही, असे तिथल्या पोलिसांना मान्य करावे लागले.

गुन्हेगारीशी काही संबंध नसलेल्या ठिकाणीही चेहरा आता ओळखपत्र झाला आहे. अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना घरी नेण्यासाठी जो पोषण आहार मिळतो, त्यासाठी 'पोषण ट्रॅकर' ॲपवर चेहऱ्याची पडताळणी १ जुलै २०२५ पासून सक्तीची झाली. मधल्या मध्ये आहार गडप होऊ नये, हा हेतू योग्यच आहे. अडचण येते ती रेंज नसलेल्या पाड्यावर, जुना फोटो न जुळणाऱ्या बाळंतिणीच्या बाबतीत, किंवा ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर जातो आणि नवरा कामावर असतो तेव्हा. समोर उभी असलेली बाई गावातली आणि सेविकेच्या रोजच्या ओळखीची असते, तरी ॲपला ती पटत नाही. पन्नास वर्षांच्या योजनेत ज्या ओळखीवर काम चालले त्या ओळखीला या व्यवस्थेत वजन उरत नाही.

याउलट जिथे हे तंत्र खरोखर उपयोगी पडले आहे तिथली रचना पाहण्यासारखी आहे. २०१६ साली सुरू झालेल्या मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीचे सॉफ्टवेअर छातीचा एक्स-रे पाहून क्षयरोगाची शंका नोंदवते. क्ष-किरणतज्ज्ञ जिथे पोचत नाही तिथे हे काम मोलाचे आहे, आणि १५ वर्षांवरील व्यक्तींच्या चाचपणीसाठी अशी साधने वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. इथे यंत्राचा शब्द शेवटचा नसतो. शंका आली की थुंकीचा नमुना घेतला जातो आणि गोव्याच्या मोल्बायो कंपनीने बनवलेल्या 'ट्रूनॅट'सारख्या चाचणीत जंतू आहे की नाही ते कळते. यंत्र चुकले तर ते एक-दोन दिवसांत उघडे पडते आणि खोट्या शंकेचे नुकसान एका तपासणीपुरते राहते. पाळणाघराच्या अनुदानात किंवा रेशनकार्डात थुंकीच्या तपासणीसारखे दुसरे काही नव्हते. यंत्राने ज्याला लबाड ठरवले त्याचा लबाडपणा पुन्हा यंत्राच्याच नोंदीवरून सिद्ध होत होता. यंत्र किती हुशार आहे यापेक्षा त्याची चूक कोण, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने पकडणार, यावर त्याचे बरेवाईट जास्त अवलंबून असते.

हेच माप लावले तर पार्सलवाल्या मुलांची स्थिती सर्वांत वाईट दिसते. मुंबई-पुण्यात दुचाकीवर फिरणाऱ्या या मुलांना साहेब नसतोच, ॲप असते. ऑर्डर कुणाला, किती पैशांना, कोणत्या वेळेत हे ॲप ठरवते. ग्राहकाने कमी तारे दिले, पावसात उशीर झाला, सेल्फी जुळला नाही, की आयडी ब्लॉक होतो, आणि तक्रारीला उत्तर देणाराही पुष्कळदा चॅटबॉटच असतो. कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात यावर थोडा इलाज आहे. काम तोडायचे तर लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि स्वयंचलित प्रणाली कामगाराच्या कामावर कसा परिणाम करते हेही सांगावे लागते.

कायद्यांचा प्रवास याच दिशेने चालला आहे, पण वेग सगळीकडे सारखा नाही. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमावलीच्या कलम २२ नुसार, केवळ यंत्राने घेतलेल्या आणि माणसाच्या आयुष्यावर मोठा परिणाम करणाऱ्या निर्णयाला नकार देता येतो. बँका त्यातून पळवाट काढत: गुण देणारी कंपनी वेगळी, कर्ज नाकारणारी बँक वेगळी, म्हणजे निर्णय माणसाचाच. जर्मनीतल्या शूफा या पतमापन कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ही वाट बंद केली. बँक त्या गुणावरच भिस्त ठेवत असेल तर गुण देणे हाच निर्णय, असे न्यायालयाने म्हटले. ३०० ते ९०० मधल्या सिबिल स्कोअरवर ज्यांचे घरकर्ज अडले आहे त्यांना या निकालाचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून टाकण्याचा हक्क आहे, पण यंत्राच्या निर्णयाला नकार देण्याचा किंवा त्याचे कारण मागण्याचा हक्क नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रासाठी सात सूत्रे सुचवली. यंत्र कोणतेही असो, उत्तरदायित्व ते वापरणाऱ्या संस्थेचे, आणि निर्णय समजावून सांगता आला पाहिजे, या दोन गोष्टी त्यांत आहेत. त्या शिफारशी आहेत, कायदा नव्हे.

कारण मागण्याची एक जुनी तरतूद मात्र हाताशी आहे आणि तिचा या कामी फारसा विचार होत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४(१)(घ) सार्वजनिक प्राधिकरणांना बजावते, की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला दिली पाहिजेत. निर्णय कारकुनाने घेतला की मॉडेलने, असा भेद त्यात नाही. तिच्या आड येते ते त्याच कायद्याचे कलम ८(१)(घ), ज्याच्या आधारे व्यापारी गुपिताची माहिती नाकारता येते. व्यापक जनहित दिसले तर मात्र ती द्यावी लागते. मॉडेल खासगी कंपनीकडून घेतलेले असले की खाते या गुपिताकडे बोट दाखवू शकते. नेदरलँड्सने डिसेंबर २०२२ मध्ये सरकारी खात्यांतल्या अल्गोरिदमची नोंदवही लोकांसाठी खुली केली. भारतात अशी नोंदवही नाही, म्हणून महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करणाऱ्याला अगदी मुळापासून विचारावे लागेल: अर्ज नामंजूर करताना संगणकाने दिलेला गुण किंवा जुळणी वापरली का, कोणत्या नोंदी ताडल्या, प्रणाली कोणत्या कंपनीची आणि तिच्याशी झालेल्या कराराची प्रत कुठे आहे, चूक झाल्यास ती दुरुस्त करणारा अधिकारी कोण आणि त्याला किती दिवसांची मुदत आहे.